विषाणूचं वेळापत्रक

नागीण उठली की आजही काही घरांत गेरू उगाळला जातो, आणि कुणीतरी वडीलधारं माणूस फोडांच्या पट्ट्याकडे काळजीने बघत राहतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, अशी जुनी समजूत आहे. पण ती सहसा जुळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. या दुखण्याचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूच्या एका गाठीत जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत पोचतो. तो तंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून फोडांचा पट्टाही तिथेच थांबतो. हा विषाणू बाहेरून नव्याने आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हाच तो त्या गाठीत जाऊन बसलेला असतो, पन्नास पन्नास वर्षं.

कांजिण्या-नागिणीचा हा विषाणू हर्पिस कुळातला. माणसाला होणारे या कुळातले विषाणू नऊ आहेत. त्यांतला सगळ्यांत जास्त अभ्यासला गेलेला म्हणजे हर्पिस सिंप्लेक्स, तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा. त्याच्या पहिल्या प्रकाराचा संसर्ग पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. क्वचित मात्र हाच विषाणू मेंदूत शिरतो आणि माणूस काही दिवसांत मरणाच्या दारात पोचतो. एकच विषाणू, एकाच्या शरीरात आयुष्यभर गपगार आणि दुसऱ्याच्या मेंदूत असा माजतो, हे कसं? या प्रश्नाच्या आसपास एका संशोधकाने सहा दशकं काढली. त्यांचं नाव बर्नार्ड रॉइझमन.

रॉइझमन यांचा जन्म १९२९ चा, किशिनेव्हचा. हे शहर तेव्हा रुमानियात होतं, आज ते मोल्दोवाची राजधानी आहे. महायुद्धानंतर ते अमेरिकेत आले, फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात शिकले आणि १९५६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टरेट घेऊन तिथेच शिकवू लागले. १९६५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले आणि पुढचं सगळं काम तिथेच झालं.

त्या काळी विषाणूशास्त्रातली हुशार मंडळी जीवाणूंना गिळणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजांवर काम करायची. फाज वाढायला सोपा, अर्ध्या तासात निकाल हातात. त्याच्यापुढे हर्पिस म्हणजे डोकेदुखी. त्याच्या डीएनएत सुमारे १,५२,००० अक्षरजोड्या आणि ऐंशीच्या वर जनुकं. वाढायला अठरा-वीस तास. शिवाय त्याला जिवंत प्राणीपेशीच लागतात, आणि त्या प्रयोगशाळेत सांभाळण्याचं तंत्रही तेव्हा नवं होतं. अशा अवजड विषाणूत हात घालणं हा शहाणपणाचा निर्णय दिसत नव्हता. पण अवजड असणं हाच त्याचा गुण होता. ज्या विषाणूजवळ चारच जनुकं आहेत त्याला फारसं नियोजन करावं लागत नाही. ऐंशी जनुकांच्या विषाणूला कोणतं जनुक कधी चालू करायचं हे ठरवावंच लागतं.

आधी त्या जनुकांची प्रथिनं तरी दिसायला हवी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस रॉइझमन यांच्याकडे पॅट्रिशिया स्पिअर या विद्यार्थिनीने हे काम हाती घेतलं. संसर्ग झालेल्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्लं द्यायची, मग पेशी फोडून त्यांतली प्रथिनं जेलच्या थरातून विजेच्या दाबाने ओढायची. जड प्रथिनं वरच अडकतात, हलकी खाली उतरतात, आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी उमटते. या पट्ट्यांना दिलेले क्रमांक आजही चालू आहेत. हर्पिसवर काम करणारे ‘आयसीपी-४’ म्हणतात तेव्हा त्या चाराचा प्रथिनाच्या कामाशी काही संबंध नसतो. संसर्ग झालेल्या पेशीच्या शिडीतली ती चौथी पट्टी, इतकंच. स्पिअर यांनी पुढे स्वतंत्रपणे विषाणू पेशीत शिरतो कसा, पेशीच्या पृष्ठभागावर कशाला धरतो, याचा शोध घेतला आणि त्या विषयात त्यांचं नाव गुरूइतकंच मोठं झालं.

पट्ट्या दिसू लागल्या तसं एक लक्षात आलं. सगळ्या एका वेळी उगवत नाहीत. काही लवकर येतात आणि मावळतात, काही उशिरा येऊन वाढतच जातात. यात पद्धत आहे की नुसता योगायोग, हे इंग्लंडहून आलेल्या रॉबर्ट होनेस यांनी रॉइझमन यांच्यासोबत ज्या प्रयोगाने ठरवलं, तो आजही पाठ्यपुस्तकांत आहे. १९७४ साली तो छापून आला.

प्रयोगाची युक्ती दोन औषधांच्या वापरात होती. जनुकातला मजकूर आधी आरएनएच्या रूपात उतरवला जातो आणि त्या निरोपावरून प्रथिन बनतं. सायक्लोहेक्झिमाइड हे औषध निरोप उतरू देतं, पण त्यांची प्रथिनं होऊ देत नाही. अ‍ॅक्टिनोमायसिन याच्या उलट. ते नवे निरोप थांबवतं, पण आधीच तयार असलेल्यांची प्रथिनं बनू देतं. दोघांनी पेशींना सायक्लोहेक्झिमाइड दिलं आणि त्याच अवस्थेत संसर्ग केला. विषाणूचा डीएनए केंद्रकात पोचला, पण त्याला एकही नवं प्रथिन बनवता येईना. अशा वेळी जे निरोप उतरतील ते विषाणूच्या कुठल्याही नव्या प्रथिनाच्या मदतीशिवाय उतरलेले असणार, हे उघड होतं. काही तासांनी पहिलं औषध धुऊन काढलं आणि लगेच दुसरं घातलं. साठलेल्या निरोपांची प्रथिनं झाली आणि जेलवर मोजक्याच पट्ट्या दिसल्या. हा पहिला गट, अल्फा.

अल्फा प्रथिनं आधी बनू दिली तरच पुढचा गट आला, बीटा. आणि बीटानंतर गॅमा. मोकळ्या संसर्गात अल्फा गट तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वाधिक वेगाने बनतो, बीटा पाचव्या ते सातव्या तासात, आणि गॅमा निदान बाराव्या तासापर्यंत वाढत राहतो. पुढचा गट आला की मागचा आवरता घेतला जातो. एक शंका उरते. अल्फा प्रथिनं नुसती असायला हवीत, की ती कामाचीही असायला हवीत? १९७५ मध्ये याच दोघांनी पेशींना कॅनावनाइन दिलं. हे आर्जिनिनसारखं दिसणारं एक बनावट अमिनो आम्ल आहे. ते शिरलं की प्रथिन तयार होतं, पण निकामी. अशी निकामी अल्फा प्रथिनं असूनही बीटा गट जागा झाला नाही.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नांगरट, पेरणी, कापणी हा क्रम उलटा करता येत नाही, आणि नांगर मोडका असेल तर पेरणी अडते. नवल हे, की ही शिस्त मेंदू नसलेल्या, पेशीबाहेर निर्जीवच म्हणावा अशा कणात होती आणि ती केवळ प्रथिनांच्या एकमेकांवरच्या अवलंबित्वातून आली होती.

अल्फा प्रथिनांचं काम पेशी ताब्यात घेण्याचं. त्यांतली काही विषाणूची पुढची जनुकं चालू करतात, काही पेशीची पहारेकरी प्रथिनं नष्ट करतात. बीटा गटात डीएनएच्या प्रती काढण्याची सामग्री असते: पॉलिमरेज, डीएनएची वीण उलगडणारी प्रथिनं, डीएनएची कच्ची सामग्री पुरवणारं थायमिडिन कायनेज. प्रती निघू लागल्या की गॅमा गट जोर धरतो. त्यात मुख्यतः बांधकामाचं सामान असतं. कवचाची प्रथिनं केंद्रकात येतात, वीस पृष्ठांचं रिकामं कवच उभं राहतं, आणि एकापुढे एक जोडून निघालेल्या लांबलचक डीएनएतून एकेक प्रत कापून त्या कवचात दाटून कोंबली जाते. भरलेलं कवच केंद्रकाच्या पडद्यातून बाहेर निसटतं, पेशीच्या आतल्या पडद्यांमध्ये स्वतःभोवती आवरण चढवून घेतं आणि बाहेर पडतं. मागे राहते ती मरणारी पेशी.

थायमिडिन कायनेजचं नाव मुद्दाम घेतलं. सत्तरच्या दशकात गर्ट्रूड एलिअन यांच्या गटाने अ‍ॅसायक्लोव्हिर शोधलं. नागिणीवर आणि ओठांच्या फोडांवर डॉक्टर आज देतात त्या गोळ्या याच औषधाच्या किंवा त्याच्या भावंडांच्या. विषाणूच्या थायमिडिन कायनेजने हात लावल्याशिवाय हे औषध काम करू लागत नाही. म्हणून ते मुख्यत्वे संसर्ग झालेल्या पेशीतच जागं होतं आणि तिथे डीएनएची साखळी अर्ध्यातच थांबवतं. गाठीत निपचित बसलेल्या विषाणूत बीटा गटच चालू नसतो, तेव्हा गोळीला पकडायला काही सापडत नाही. नागीण बरी होते, विषाणू जात नाही.

मग अल्फा गटाला कोण चालू करतं? उत्तर शिकागोच्या प्रयोगशाळेतूनच १९८० च्या आगेमागे आलं. विषाणू एक प्रथिन सोबत घेऊनच पेशीत येतो. कवच आणि बाहेरचं आवरण यांच्या मधल्या थरात ते असतं. पेशीच्याच दोन प्रथिनांना जोडीला घेऊन ते अल्फा जनुकांच्या दाराशी बसतं आणि काम सुरू होतं. त्याला व्हीपी-१६ म्हणतात. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

रॉइझमन यांच्या कारकिर्दीतला एक जरा अवघड भाग इथेच सांगून टाकावा. साठ-सत्तरच्या दशकांत हर्पिस सिंप्लेक्सचा दुसरा प्रकार, लैंगिक संबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असावा असा दाट संशय होता. १९७२ मध्ये रॉइझमन यांच्या गटाने कर्करोगाच्या एका गाठीत या विषाणूच्या डीएनएचा तुकडा मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. जर्मनीत हराल्ड त्सुर हाउझन यांनीही अनेक गाठी तपासल्या, त्यांना काही मिळालं नाही, आणि त्यांनी संशय दुसऱ्या विषाणूकडे वळवला. खरा दोषी मानवी पॅपिलोमा विषाणू निघाला. त्या शोधाला २००८ चं नोबेल मिळालं. एका गाठीतल्या एका तुकड्यावर केवढा डोलारा उभा राहू शकतो याचं हे उदाहरण आहे. पण त्याच निमित्ताने हर्पिसच्या डीएनएकडे जो पैसा आणि जी माणसं आली त्यांनी पायाभूत कामं करून ठेवली, हेही खरं.

माझ्या मते मात्र रॉइझमन यांचं सगळ्यांत दूर पोचलेलं काम वेळापत्रकाचं नाही, वगळण्याचं आहे. १९८१ मध्ये त्यांनी आणि लिओनार्ड पोस्ट यांनी हर्पिससारख्या मोठ्या जनुकसंचातून हवं ते जनुक नेमकं कापून काढण्याची रीत बसवली. थायमिडिन कायनेज नसलेला विषाणू घ्यायचा आणि लक्ष्य असलेल्या जनुकाच्या मधोमध ते कायनेज घुसवायचं. कायनेज असलेले विषाणूच जगतील अशा माध्यमातून ते निवडायचे. मग जनुकाची कापलेली प्रत द्यायची. ती जिथे बसेल तिथून कायनेज बाहेर फेकलं जाईल. आता उलट निवड करायची, कायनेज असलेले मारून टाकणाऱ्या औषधाने. उरतात ते कापलेल्या जनुकाचे विषाणू. लाखांत एक सापडावा असा बदल दोन चाळण्यांमधून हाती येतो.

पहिला घाव त्यांनी एका अल्फा जनुकावर घातला. अल्फा म्हणजे सुरुवातीचं, म्हणजे महत्त्वाचं. ते काढल्यावर विषाणू मरायला हवा होता. तो नेहमीच्या पेशींमध्ये मजेत वाढला. पुढच्या वर्षांत इथे आणि इतर प्रयोगशाळांत एकेक जनुक कापलं गेलं आणि हिशेब विचित्र निघाला: जवळजवळ निम्मी जनुकं काढली तरी काचेच्या बशीतल्या पेशींत विषाणू वाढतोच. मग तो ती बाळगतो कशाला? विषाणू असं ओझं उगीच वाहत नाही. याचा अर्थ बशीत जे नाही आणि शरीरात आहे, त्याच्यासाठी ती जनुकं असणार. बशीत ताप येत नाही, तिथे प्रतिकारपेशी नसतात, मज्जातंतू नसतात. ‘अनावश्यक’ जनुकांची यादी म्हणजे विषाणू शरीराशी कसा झगडतो याचीच यादी, हे एकदा ध्यानात आल्यावर प्रयोगशाळेतल्या कामाचा रोखच बदलला.

या यादीतलं सगळ्यांत गाजलेलं जनुक गॅमा-३४.५. जोअ‍ॅनी चौ आणि रॉइझमन यांना ते सापडलं. विषाणूच्या डीएनएत त्याच्या दोन प्रती असतात. दोन्ही काढल्या तर बशीत विषाणूला फारसा फरक पडत नाही. पण हाच विषाणू उंदराच्या मेंदूत टोचला तर वेगळंच दिसतं. मूळ विषाणूचे थोडेसे कण उंदीर मारायला पुरतात, हा कापलेला विषाणू मात्र लाखोंच्या संख्येने टोचूनही बहुतेक उंदीर जगतात. रिचर्ड व्हिटली यांच्यासोबतचं हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदू नासवण्याची विषाणूची ताकद एका जनुकावर येऊन ठेपली होती.

कारण उलगडायला आणखी काही वर्षं गेली. विषाणू शिरल्याची चाहूल लागली की पेशी एक टोकाचा उपाय करते: प्रथिनं बनवणंच बंद करते. स्वतःची नाहीत आणि विषाणूचीही नाहीत. पीकेआर नावाचं प्रथिन प्रथिननिर्मितीच्या एका सुरुवातीच्या घटकावर फॉस्फेट चिकटवतं आणि सगळं ठप्प होतं. पेशी यात मरू शकते, पण शेजारच्या पेशी वाचतात. गॅमा-३४.५ चं प्रथिन पेशीचंच फॉस्फेट काढणारं विकर धरून आणतं आणि चिकटवलेलं फॉस्फेट उतरवून टाकतं. काम पुन्हा सुरू. हे १९९७ मध्ये पक्कं झालं. त्यातही एक गंमत आहे. या प्रथिनाचा एक तुकडा सस्तन प्राण्यांच्या जीएडीडी-३४ नावाच्या प्रथिनाशी चांगलाच जुळतो आणि तेही पेशीत असंच फॉस्फेट उतरवण्याचं काम करतं.

इथून कर्करोगाकडे वाट फुटते, आणि ती १९७२ च्या वाटेच्या अगदी उलट दिशेची आहे. अनेक कर्करोगी पेशींमध्ये हा प्रथिनं बंद करण्याचा उपाय आधीच मोडलेला असतो, कारण अनिर्बंध वाढायचं तर तो आड येतो. म्हणजे गॅमा-३४.५ कापलेला विषाणू निरोगी चेतापेशीत अडखळेल, पण कर्करोगाच्या गाठीत वाढेल आणि तिला फोडत जाईल. या तत्त्वावर बांधलेले विषाणू नव्वदच्या दशकापासून मेंदूच्या गाठींवर वापरून पाहिले गेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी टी-व्हेक या विषाणू-औषधाला मान्यता दिली. त्यात गॅमा-३४.५ आणि आणखी एक अल्फा जनुक काढलेलं आहे आणि प्रतिकारपेशींना बोलावणारं एक मानवी जनुक घातलेलं आहे. २०२१ मध्ये जपानने मेंदूच्या गाठीसाठी याच घराण्यातल्या एका विषाणूला सशर्त मान्यता दिली.

याला चमत्कार म्हणायची घाई करू नये. टी-व्हेकच्या मुख्य चाचणीत सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेला परिणाम १६.३ टक्के रुग्णांत दिसला, तुलनेच्या गटात २.१ टक्के. फरक मोठा आहे, पण बहुसंख्य रुग्णांत तो परिणाम दिसला नाही. शिवाय दात काढलेला विषाणू गाठीतही काहीसा दुबळाच चालतो. सुरक्षितता आणि ताकद यांचं हे त्रांगडं अजून सुटलेलं नाही. आणि ज्या विषाणूच्या जनुकांची इतकी कापाकापी करता आली, त्याच्यावर अजून एकही मान्यताप्राप्त लस नाही. रॉइझमन यांच्या गटाने लस म्हणून बांधलेला एक विषाणू लस म्हणून पुढे गेला नाही. नंतर नाव बदलून तो यकृतात पसरलेल्या कर्करोगावर तपासला गेला.

राहिला तो मज्जातंतूच्या गाठीत निजलेल्या विषाणूचा प्रश्न. ओठातून शिरलेला हर्पिस चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या लांब धाग्यातून प्रवास करत कानाजवळच्या गाठीपर्यंत जातो. व्हीपी-१६ या प्रवासात वाटेतच मागे पडत असावं असं मानलं जातं. शिवाय त्याला लागणारं पेशीचं एक सोबती प्रथिन चेतापेशीत केंद्रकाबाहेर बसलेलं असतं. अल्फा गट चालू होत नाही, म्हणून पुढचं काहीच होत नाही. विषाणूचा डीएनए गुंडाळून पडून राहतो आणि त्याच्या एकाच पट्ट्यातून भरपूर आरएनए निघत राहतो. त्याचं प्रथिन होत नाही. विषाणूला निजवून ठेवण्यात त्याचा हात आहे असं दिसतं.

मग ताप, ऊन, ताण अशा कशाने तरी तो जागा होतो तेव्हा सुरुवात कोण करतं? व्हीपी-१६ सोबत नाही. ते स्वतः गॅमा गटातलं, म्हणजे वेळापत्रकात शेवटी बनणारं. शेवटी येणाऱ्याने सुरुवात करायची, हा पेच होता. २०११ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, रॉइझमन यांनी ते दू आणि ग्वोयिंग झोऊ या सहकाऱ्यांसोबत उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठी बाहेर काढून त्यांत विषाणू जागा होताना पाहिला. त्यांना जे दिसलं त्यात क्रम नव्हता. अल्फा, बीटा, गॅमा तिन्ही गटांची जनुकं एकदमच बोलू लागली होती. १९७४ साली ज्यांनी शिस्त दाखवली त्यांनीच सदतीस वर्षांनी लिहिलं की जागं होण्याच्या वेळी ही शिस्त पाळली जात नाही. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका गटाने बशीत वाढवलेल्या चेतापेशींमध्ये हेच पाहिलं, आणि आणखी एक गोष्ट टिपली. आधी एक बेशिस्त लाट येते. तिच्यात इतर प्रथिनांबरोबर थोडं व्हीपी-१६ ही बनून जातं. मग ते केंद्रकात शिरतं, आणि तिथून पुढे नेहमीचा क्रम लागतो: अल्फा, बीटा, गॅमा. ती पहिली लाट नेमकी कोण उठवतं, यावर प्रयोगशाळांमध्ये अजून काम चालू आहे.